बाब्याचा धप्प

स्वतः जोडलेला अँप्लिफायर हा ‘आपला बाब्या’. सिलेक्टर (इनपुट निवडायचा स्विच) फिरवल्यावर दुसऱ्याच्या यंत्रातून धप्प असा आवाज आला की ते कार्टं. आपल्यातून आला की मी म्हणतो, ‘जिवंतपणाचं लक्षण!’ मात्र प्रत्येक धप्पला स्पीकरचा पडदा पुढे उडी मारताना दिसू लागला की हे वात्सल्य आवरतं घ्यावं लागतं.

आपला पहिला विधी ठरलेला: कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा. चोर सोडून संन्याशाला सुळी! स्विच बिचारा बहुतेक वेळा स्वच्छ असतो, गुन्हा डीसीचा, म्हणजे नको तिथे साठलेल्या स्थिर व्होल्टेजचा असतो. म्हणून आधी व्हॉल्यूम शून्यावर आणून सिलेक्टर फिरवा. धप्प गेला तर घोटाळा पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणामागचा बदलता रेझिस्टर) अलीकडे, इनपुटच्या बाजूला, राहिला तर पलीकडे किंवा ग्राउंडमध्ये. ही चाचणी फुकट आहे, म्हणूनच तिला कुणी मान देत नाही.

अलीकडे असेल तर माझा संशय कपलिंग कपॅसिटरवर, म्हणजे सिग्नल पुढे जाऊ देणाऱ्या पण डीसी अडवणाऱ्या कपॅसिटरवर. सिलेक्टरने ज्याला सोडलंय त्याचं एक टोक हवेत लोंबत असतं. कपॅसिटरची किंचितशी गळतीही पुरते; ते टोक हळूहळू पलीकडच्या डीसी व्होल्टेजकडे चढत जातं. तुम्ही स्विच फिरवता आणि ती सगळी चढण पॉटमधून एका दमात खाली उतरते. उपाय आहे १ मेगओहमचा रेझिस्टर, सिलेक्टरच्या प्रत्येक इनपुट टोकापासून ग्राउंडला. स्विचच्या पुढे एकच लावून बाकीचे वाचवणारे महाभाग असतात. त्यांची लोंबती टोकं तशीच लोंबतात. लावल्यावर लगेच निकाल मागू नका. कपॅसिटर २.२ मायक्रोफॅरडचा असेल तर टाइम कॉन्स्टंट (ओहम गुणिले फॅरड, उतरण्याच्या वेगाचं माप) २.२ सेकंद, आणि नीट उतरायला त्याच्या पाचपट, म्हणजे ११ सेकंद. नेमक्या याच ११ सेकंदांत माणूस ‘काही उपयोग नाही’ म्हणत रेझिस्टर उपटतो.

पॉट फिरवताना खरखर होते? पुन्हा फवारा नको. एनई५५३२ या ऑपअँपचा (सिग्नल वाढवणारी चिप) इनपुट बायस करंट, म्हणजे इनपुट पिनमधून सतत वाहणारा बारीक करंट, साधारण २०० नॅनोअँपिअर असतो. तो ५० किलोओहमच्या पॉटमधून गेला की १० मिलिव्होल्टपर्यंत डीसी तयार. टीएल०७२ लावा, त्याचा बायस करंट पिकोअँपिअरमध्ये मोजतात. नाहीतर वायपर (पॉटचा सरकता संपर्क) आणि ऑपअँपच्या मध्ये कपॅसिटर टाका आणि ऑपअँपच्या बाजूने ग्राउंडला रेझिस्टर द्या.

सगळ्यात लबाड धप्प मात्र दिव्याचा. इनपुट बदललं की बदलणारे ते देखणे एलईडी! १० मिलिअँपिअर त्यांचे, परतीची वाट सिग्नलच्या ग्राउंडवरून, आणि बारीक वायर व अर्धवट सोल्डर मिळून ०.१ ओहम. झाला १ मिलिव्होल्टचा धक्का. तो ४० डीबीच्या फोनो स्टेजच्या (रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) इनपुटला लागला की शंभरपट, म्हणजे १०० मिलिव्होल्ट. एलईडी आणि रिलेची (कॉइलने चालणारा स्विच) परतीची वायर वेगळी काढून थेट पॉवर सप्लायच्या मुख्य कपॅसिटरच्या ग्राउंड टोकाला न्यावी. नाकापेक्षा मोती जड, तो असा.

रिले असेल तर कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा जोडायचा, पट्ट्याची बाजू पॉझिटिव्हला. त्याने रिले जरा सावकाश सुटतो, ते चालतं. पॉवर स्विचच्या ठिणगीसाठी संपर्कांवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकमेकांच्या सिरीजमध्ये. हा कपॅसिटर एक्स२ दर्जाचाच, म्हणजे घरच्या विजेवर थेट जोडण्यासाठी बनवलेलाच हवा. साधा तिथे शॉर्ट होऊ शकतो, मग बाब्या बंद करायची सोयच उरत नाही. आणि हे काम प्लग काढून, कपॅसिटर रिकामे झाल्याचं मल्टीमीटरने बघून.

सगळं जमलं की सिलेक्टर फिरवल्यावर काहीच ऐकू येत नाही. लगेच पोटात गोळा: गेला की काय? एलईडी बघा. तोही विझलेला असेल तर रिलेवरच्या डायोडचा पट्टा कुठल्या बाजूला आहे ते तपासा.