खुलासा : घरी शिकारीची रायफल बनवण्याबाबत फिरणारा मजकूर चुकीचा आहे

‘परवाना असला की सुटे भाग मागवून घरीच शिकारीची रायफल जोडता येते, भागांना परवाना लागत नाही,’ असा मजकूर नागपुरातल्या अनेक ग्रुपांवर फिरतो आहे. तो खरा नाही आणि धोकादायक आहे.

हा छंद अमेरिकेतला. तिथे जुन्या माउझर ९८ या जर्मन रायफलीच्या ॲक्शनवर (गोळी भरण्या-झाडण्याच्या यंत्रणेवर) नवी नळी आणि अक्रोडाचा दस्ता बसवणारे हौशी लोक आहेत, स्वतःपुरती रायफल बनवायला तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार परवानाही लागत नाही. या मजकुरासोबतचे व्हिडिओ तिथले आहेत. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ लागू होतो. त्यात शस्त्राच्या व्याख्येतच सुटे भाग येतात. आपल्याकडे असतो तो परवाना फक्त शस्त्र बाळगण्याचा. बनवायला, अगदी दुरुस्तीच्या व्यवसायालाही, कलम ५ चा वेगळा परवाना हवा. विनापरवाना निर्मितीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप. हौस म्हणून केलं, हे सांगून सुटका होत नाही. पोरांनो, हे नीट वाचा.

शिकारीचं म्हणाल तर वन्यजीव अधिनियम १९७२ च्या कलम ९ ने ती बंद आहे. पेंच, उमरेड-कऱ्हांडला ही वाघांची जंगलं इतकी जवळ असताना हे वेगळं सांगावं लागतं, याचंच वाईट वाटतं. रानडुकरं पीक नासवतात, ते दुःख खरं आहे. पण त्यासाठीही कलम ११ खाली वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते.

नेमबाजीची ओढ असेल तर रायफल क्लबात जा, ४.५ मिमीच्या एअर रायफलीपासून सुरुवात करा.