खासगी सहल, सार्वजनिक चढ

‘प्रायव्हेट टूर’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी गाडी उभी राहते. पांढरी, एसीची, डिकीत चिवड्याचा डबा आडवा न करता मावेल अशी. नागासाकीत सकाळी नऊ वाजता हॉटेलच्या लॉबीत प्रत्यक्षात उगवतो तो हातात फाइल, काखेत छत्री आणि पायात दणकट बूट असलेला एक नम्र माणूस. त्या बुटांकडे बघूनच आपण काय ते ओळखायला हवं, पण आपण त्याच्या मागे गाडी शोधत असतो.

गाडी नसते, कारण कायदा. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्या गाडीला जपानात हिरवी नंबरप्लेट लागते. गाइडने स्वतःच्या पांढऱ्या प्लेटच्या गाडीतून गिऱ्हाईक फिरवलं तर तो बेकायदा धंदा. तेव्हा आपण भाड्याने घेतलेला असतो तो त्याचा वेळ, बाकी काही नाही. गाडी हवी तर टॅक्सी वेगळी. नऊ माणसांची ‘जम्बो टॅक्सी’ मिळते, पण ती आधी सांगून ठेवावी लागते. शिवाय गाइडचं ट्रॅमचं भाडं, त्याची प्रवेश फी आणि बहुधा त्याचं जेवणही आपल्याकडे. टिप मात्र द्यायची नसते, आणि ही एकच जपानी प्रथा आपण पहिल्या मिनिटात आत्मसात करतो.

आता आपली यादी. ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर बनलेली असल्यामुळे तिच्यात अकरा ठिकाणं असतात आणि ‘ते बोटीसारखं दिसणारं ओसाड बेट’ असतंच असतं. ते हाशिमा. तिथे जाऊन यायला तीनेक तास धरा, म्हणजे अर्धा दिवस समुद्रार्पण. बरं, एवढं करून बेटावर उतरता येईल याची खात्री नाही. लाटा अर्ध्या मीटरपेक्षा उंच झाल्या की धक्क्याला लागायची परवानगी नसते. अर्धा मीटर म्हणजे आपल्याकडे ज्याला लाट म्हणायला कोणी तयार होणार नाही इतकं पाणी. माझा स्पष्ट सल्ला: एका दिवसात हाशिमा किंवा नागासाकी. दोन्ही मागितलं तर गाइड ‘जरा अवघड आहे’ म्हणून हसतो. या वाक्याचं मराठी भाषांतर ‘अजिबात नाही’ असं आहे.

ट्रॅम. मार्ग 1, 3, 4 आणि 5. 2 नंबरची वाट बघत उभे राहू नका, तो रोजच्या वेळापत्रकात नसतो. चढायचं मागच्या दाराने, उतरायचं पुढच्या, पैसे उतरताना. कुठूनही कुठेही एकच भाडं. डब्यात नेमकी नाणी टाकायची, कारण तो उरलेले पैसे परत देत नाही. शेजारच्या यंत्रात हजार येनची नोट मोडून मिळते, पण दहा हजारांची नोट घेऊन ड्रायव्हरपाशी उभं राहिलात तर मागची सगळी रांग शांतपणे आपल्याकडे बघू लागते आणि ती शांतता शिवीपेक्षा लागते. दिवसाचा पास आहे, पण तो ट्रॅममध्ये मिळत नाही. हॉटेलात किंवा स्टेशनच्या पर्यटन केंद्रातच घेऊन ठेवावा. आणि मुख्य खोच अशी की उत्तरेकडून येताना निळा 1 आणि लाल 3 एकाच रुळावर असतात, पण नागासाकी स्टेशनपाशी वाटा फुटतात. 3 नंबरमध्ये जागा दिसली म्हणून घुसलात तर देजिमा, म्हणजे डच व्यापाऱ्यांचं जुनं बेट, हुकलंच.

गाइडची खरी किंमत वसूल होते ती डोंगरावर. ग्लोव्हर गार्डन, म्हणजे ग्लोव्हर नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याच्या घराभोवतीची बाग, टेकडीवर आहे. बहुतेक लोक ओउरा तेन्शुदो या चर्चच्या थांब्यावर उतरतात, दुकानांच्या चढावरून धापा टाकत फाटकाशी पोचतात आणि तिकीट काढेपर्यंत गुडघ्यांचं बंड सुरू झालेलं असतं. शहाणा गाइड एक थांबा पुढे नेतो, शेवटच्या इशिबाशीला. तिथून दोन मिनिटांवर डोंगराच्या कडेने तिरकी चढणारी लिफ्ट आहे, फुकट; तिच्यापुढे दुसरी, सरळ वर जाणारी. ती सोडते बागेच्या वरच्या फाटकापाशी. मग काय, सगळी बाग उताराने बघायची: बंदर, जहाजं, 1863 सालचं ग्लोव्हरसाहेबाचं लाकडी घर, आणि खाली ओउराचं चर्च. एखादा गाइड खालूनच चढवू लागला तर समजावं की याला इतिहास येतो, भूगोल येत नाही.

देजिमात वेगळीच फसगत. बेट बघायला म्हणून जावं तर चहूबाजूंनी शहर. 1636 मध्ये पोर्तुगीजांना कोंडायला बांधलेलं हे पंख्याच्या आकाराचं बेट. त्यांना हाकलल्यावर 1641 पासून डच तिथे राहिले, दोनशेहून अधिक वर्षं. पुढे भराव घालत घालत समुद्रच दूर सरकला. इथे गाइड ‘पान’ हा जपानी शब्द पोर्तुगीजांकडून आल्याचं अभिमानाने सांगतो. पान म्हणजे ब्रेड. आपला पावही त्याच भट्टीतला. गोव्याहून निघालेलं जहाज मकावमार्गे नागासाकीला लागायचं. वाटेत कोणी काय उचललं एवढाच फरक. आम्ही त्यात बटाटा घातला, त्यांनी कास्तेरा केक केला. त्या केकच्या तळाला जाड साखर असते. ती कागदाला चिकटून राहते, म्हणून कागद हळू, एका बाजूने सोलायचा. अंड्याशिवाय तो होत नाही, तेव्हा घरात चतुर्थी-एकादशीवाले असतील तर दुकानाबाहेरच जाहीर करून टाकावं.

आणि जेवण! चांपोन ही इथली शान: डुकराच्या हाडांचं आणि कोंबडीचं पाणी, त्यात नूडल्स, कोबी, माकूळ, कोळंबी, वर गुलाबी रंगाच्या चकत्या. चकत्या गाजरासारख्या निरागस दिसतात, असतात माशाच्या. ‘मांस नको’ एवढंच सांगितलं तर स्वयंपाकी प्रामाणिकपणे मांसाचे तुकडे वगळतो, पाणी तेच. ‘दाशीसुद्धा नको’ हे गाइडकडून आदल्या दिवशी फोनवर वदवून घ्यावं. दाशी म्हणजे सुक्या माशाचा अर्क, आणि तो डाळीतल्या हिंगासारखा सर्वव्यापी. ‘टर्किश राइस’ नावाला भुलू नका: एका ताटलीत भात, स्पॅगेटी आणि त्यावर डुकराचं कटलेट. तुर्कस्तानचा त्यात काय संबंध हे गाइडलाही विचारू नये, पंधरा मिनिटं जातात.

उराकामीच्या खोऱ्याकडे जाताना ग्रुपवरची बडबड आपोआप थांबते. 9 ऑगस्ट 1945, सकाळी 11:02. स्मृतिउद्यान आणि संग्रहालय मिळून दोन तास तरी ठेवावेत आणि त्यानंतर लगेच खरेदी ठेवू नये. गाइड नकाशावर बोट ठेवून दाखवतो ते लक्षात राहतं: बाँब पडला तो या खोऱ्यावर, आणि मधले डोंगर आड आले म्हणून दक्षिणेकडचं ते लाकडी घर, ते चर्च उभं राहिलं. सकाळपासून आपण ज्यांना शिव्या घालत होतो तेच डोंगर.

शेवटी निशिझाका, स्टेशनपासून पाच मिनिटांचा चढ. हो, आणखी एक. यादीत हे ठिकाण नसतं. मी म्हणेन की अकरातली पाच खोडा आणि हे घाला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी इथे 26 ख्रिस्ती लोकांना क्रुसावर मारलं. त्यांतल्या बहुतेकांना कान कापून, क्योतोहून इथवर, ऐन थंडीत जवळजवळ महिनाभर चालवत आणून. त्यांतला एक गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला. आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन संघातला धर्मबंधू. जपानी उत्तम येत असल्यामुळे जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात स्पॅनिश पाद्र्यांचा दुभाषी तोच. म्हणजे या धंद्यातला आपला माणूस चारशे वर्षांपूर्वीच इथे येऊन गेलेला. 1862 मध्ये तो संत झाला, 1962 मध्ये इथे 26 ब्राँझच्या मूर्तींची भिंत उभी राहिली.

इथे दिवसभरात पहिल्यांदाच प्रश्न गाइड विचारतो आणि उत्तर आपल्याकडे असतं. वसई नेमकी कुठे?

‘विरारच्या आधी दोन स्टेशनं,’ असं सांगावं. तो ते फाइलमध्ये लिहून घेतो.