फुटबॉल बघितलास का?

पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, उजवी टाकी शंभर टक्के. बोट मात्र डाव्या कुशीवर आडवी झाली होती, पंगतीतून उठून लोडाला टेकलेल्या व्याह्यासारखी. आणि मी त्या नव्या कोऱ्या बोटीच्या उजव्या कडेवर उभा राहून चौऱ्याऐंशी किलोंनी तीनशे चाळीस किलोंची बरोबरी करू पाहत होतो. गेल्या शनिवारी, ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिसवर, भर गर्दीच्या धक्क्याला.

बोटीला दोर बांधून पाण्यावरून ओढून घेण्याचा हा नाद ज्यांना नाही ते सुखी आहेत, तरी थोडक्यात सांगतो. स्लॅलम स्कीवाल्याला, म्हणजे एकाच स्कीवर नागमोडी जाणाऱ्याला, बोटीमागचं पाणी सपाट लागतं. तो ताशी 55 ते 58 किलोमीटरने ओढला जातो, मागची लाट उठली की त्याच्या गुडघ्यांना कळतं. वेकबोर्डवाला, म्हणजे दोन्ही पाय एका फळीला बांधलेला, 35 ते 38 ला धावतो, त्याला उडी मारायला लाट हवी. आणि सर्फवाल्याला 17 च्या आसपास चालणारी बोट आणि मागे भिंतीसारखं पाणी. लाट मोठी हवी तर बोट खोल बसली पाहिजे, म्हणून पोटात टाक्या आणि टाक्यांत तळ्याचंच पाणी. याला बॅलास्ट म्हणतात. म्हणजे आधी पैसे मोजून तरंगणारी वस्तू घ्यायची आणि वर आणखी पैसे मोजून ती बुडवण्याची सोय करून घ्यायची. घरात तीन माणसं आणि तीन खेळ असले की तिन्ही करणारी बोट घेतात. ती तिन्ही गोष्टी करते, फक्त तिच्या मर्जीच्या क्रमाने.

मागे दोन टाक्या, प्रत्येकी 90 गॅलन. पाण्याचा गॅलन 8.34 पौंडांचा, म्हणजे टाकीमागे 750 पौंड, आपले तीनशे चाळीस किलो. एका बाजूला पाच वऱ्हाडी बसवले आणि दुसरी बाजू मोकळी, असा हिशेब धरा. भरायला प्रत्येकी एक छोटा सेंट्रिफ्यूगल (पंखा फिरवून पाणी फेकणारा) पंप, डब्यावर लिहिलेलं तासाला 800 गॅलन. गणिताने टाकी पावणेसात मिनिटांत भरावी; नळीची लांबी, वळणं आणि चढ धरून आठ ते दहा मिनिटं लागतात. आता पडद्यावरची टक्केवारी कुठून येते, तर घड्याळातून! टाकीत पाण्याची पातळी मोजणारं काहीच नाही. बटण दाबल्यावर नऊ मिनिटं झाली की पडदा शंभर म्हणतो. पाणी आलं का, ही चौकशी त्याच्या कामात बसत नाही. एवढ्या पैशांत मला एक स्वयंपाकघरातलं टायमर मिळालं आहे आणि त्याला कातडी खुर्च्या जोडलेल्या आहेत.

तर मी कडेवर उभा. तेवढ्यात धक्क्यावरच्या घडीच्या खुर्चीतून अण्णा बोलले. अण्णा म्हणजे शेजाऱ्याचे वडील, तासगावचे द्राक्षबागायतदार, सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेले आणि दुसऱ्याच आठवड्यापासून कंटाळलेले.

"पानी उचलंना व्हय?"

"हो ना अण्णा."

"मोटर फिरतीया न्हवं?"

"फिरतेय. आवाज येतोय."

"मग फुटबॉल बघितलास का?"

मला वाटलं, उन्हाचा परिणाम. "अण्णा, फुटबॉल आत्ता नाही. सप्टेंबरात सुरू होतो."

"सप्टेंबरात? लेका, पानी आत्ता पायजे, आन् फुटबॉल सप्टेंबरात?"

शेजारच्या बोटीत विटकरी नारिंगी टोपी घातलेले एक आजोबा होते. आमच्या मराठीतला त्यांना कळलेला एकच शब्द त्यांनी झेलला. टेक्सासात फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आणि हा शब्द मोठ्याने उच्चारायचा नसतो, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. ते बिअरच्या डब्यासकट धक्क्यावर उतरले आणि अण्णांना इंग्रजीत सांगू लागले की यंदा बचाव फळी भक्कम आहे, पण क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, पोरगेला आहे. अण्णा गंभीरपणे मान हलवत होते. मग त्यांचं लक्ष टोपीवरच्या चित्राकडे गेलं. टेक्सास विद्यापीठाच्या लाँगहॉर्न्स संघाचं चिन्ह, लांब शिंगांच्या बैलाचं तोंड.

"ह्ये खिलार हाय का रं? विचार त्याला."

मी विचारलं नाही. माझी बोट कलंडत होती. पण अण्णांनी खिशातून फोन काढून आपली खिलार जोडी दाखवली. आजोबांनी "ओ माय" म्हणून चष्मा वर केला आणि आपल्या फोनवर विद्यापीठाचा बेव्हो दाखवला. बेव्हो म्हणजे सामन्याला मैदानाच्या कडेला आणतात तो खराखुरा बैल. "शिंगं आडवी गेल्याती," अण्णांनी निकाल दिला, "आमची वर चढत्यात. ह्यो औताला न्हाई चालायचा." मी भाषांतर केलं. आजोबा म्हणाले, तो औत ओढत नाही, तो फक्त उभा राहतो. "एवढा खुराक खाऊन?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग बोटीकडे, मग परत माझ्याकडे. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पंधरा मिनिटं हे चाललं. या वेळात तीन जणांनी धक्क्यावरून जाता जाता मला सांगितलं की बोट कललीय. आभारी आहे.

शेवटी उलगडा झाला. विहिरीत सक्शन पाइपाच्या तळाला जो फूट व्हॉल्व्ह असतो, पाणी वर येऊ देणारा आणि परत जाऊ न देणारा, त्याला तासगावकडे सगळे फुटबॉलच म्हणतात. तो गळका असला की पाइप रिकामा होतो, पंप हवा धरतो, आणि मोटर नुसती गुणगुणते. सेंट्रिफ्यूगल पंपाला हवा ढकलता येत नाही, पंख्यापाशी पाणीच लागतं. हे तासगावच्या विहिरीत खरं आणि लेक ट्रॅव्हिसवरही खरं. फरक एवढाच की बोटीत पंप पाण्याच्या पातळीखाली बसवतात, म्हणून फुटबॉल लागत नाही. त्याऐवजी तळातून येणाऱ्या नळीवर बॉल व्हॉल्व्ह असतो. त्याची मूठ नळीला समांतर म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. ट्रेलरवरून उतरल्यावर नळीत हवा राहिली तर बोट अगदी हळू मागेपुढे केली की बहुधा फुगे निघून जातात. तेवढ्याने भागलं नाही तर पंपाच्या वरची क्लिप सैल करून, फडकं धरून हवा सोडायची. हे सगळं मी केलं होतं. फ्यूजही पाहिला होता.

"मग हवा बाहीर जायाची वाट कुठाय?" अण्णा.

हा प्रश्न सर्व्हिसवाल्यांनी एकदाही विचारला नाही, म्हणून इथे नोंदवतो. टाकीत पाणी शिरायचं तर आतली हवा बाहेर पडली पाहिजे. त्यासाठी टाकीच्या डोक्यावरून एक नळी निघते आणि बोटीच्या कुशीला, रुपयाएवढ्या भोकाशी संपते. टाकी भरली की याच भोकातून पिचकारी उडते, आणि भरल्याची खरी खूण तीच. पडदा नव्हे. भोक बुजलं तर पंपाचं पाणी आतली हवा दाबत राहतं. या छोट्या पंपाचा जोर तो केवढा, टाकी जेमतेम पाचवा हिस्सा भरली की पाणी थांबतं. मोटर फिरते, घड्याळ धावतं, पडदा शंभर.

अण्णांनी वाकून उजव्या भोकात बोट घातलं. बाहेर आली ती माती.

"कुंभारीण!"

कुंभारीण माशी. गावी चौकटीच्या कोपऱ्यात, विजेच्या बोर्डात मातीचं घर बांधते तिचीच टेक्सासमधली बहीण. बोट विक्रेत्याच्या आवारात अख्खा उन्हाळा उभी होती आणि तेवढ्यात बाईंनी बिऱ्हाड केलं होतं. आजोबांनी गळाच्या पेटीतून तार दिली. उरलेली माती बाहेरच्या बाजूला ओढून काढली, आत ढकलली असती तर ती नळीच्या वळणात जाऊन बसली असती. मग पंप लावला. नऊ मिनिटं दहा सेकंदांनी उजव्या कुशीतून पिचकारी उडाली, थेट आजोबांच्या पायावर. बोट सरळ झाली. आजोबा "टचडाऊन" म्हणाले.

इथे गोष्ट संपली असती तर मी हे लिहायला बसलोच नसतो. संध्याकाळी उजवी टाकी निमूट रिकामी झाली. डावी होईना.

आणि टाकीत पाणी घेऊन तळं सोडता येत नाही. टेक्सासात 2014 पासून नियम आहे, सार्वजनिक तळ्यावरून निघताना बोटीतलं सगळं पाणी काढायचं. कारण झेब्रा शिंपले. 2009 मध्ये ते लेक टेक्सोमात सापडले, 2017 मध्ये ट्रॅव्हिसमध्ये. पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, टाकीतल्या पाण्यातून पुढच्या तळ्यात जातात आणि तिथले पाणी उपसायचे पाइप बुजवतात. अण्णांना हे पटायला एक वाक्य पुरलं. "म्हंजी जलपर्णीगत." रोग तंतोतंत तो नव्हे, पण प्रवासाची तऱ्हा तीच.

बोट ट्रेलरवर ओढली, डाव्या अंगाला तीनशे चाळीस किलो तसेच. टाकीच्या तळाची नळी सोडून पाणी बोटीच्या पोटात उतरवता आलं असतं, मागचं बूच काढलं की ते आपसूक बाहेर पडतं. पण ती नळी इंजिनाच्या पलीकडे, आणि माझा हात मनगटाशी संपतो. अण्णा म्हणाले, "नळी टाक की." पाऊण इंची बागेची नळी. बुडवून आतली हवा घालवायची, एका टोकावर अंगठा दाबून ते खाली आणायचं, दुसरं टाकीच्या वरच्या झाकणातून तळापर्यंत. तोंडाने ओढायची गरज नाही, तो प्रकार पाहुण्यांच्या स्कूटरमधलं पेट्रोल काढण्यापुरता ठेवावा. वीस मिनिटांत टाकी कोरडी झाली.

घरी डाव्या टाकीचा उपसा पंप उघडला, टाकी रिकामी करणारा. याची मोटर चतकोर फिरवली की खाचेतून सुटून हातात येते. (हे जमिनीवरच करावं. पाण्यात भरणीचा पंप असा काढायचा तर आधी बॉल व्हॉल्व्ह बंद, नाहीतर बॅलास्टसाठी वेगळ्या टाक्यांची गरज उरत नाही.) पंख्याला प्लॅस्टिकचा कीस गुंडाळलेला. कारखान्यात टाकीला भोकं पाडताना निघालेला, कोणी न झटकलेला, ओल्या नारळासारखा कुरळा. मूठभर. नवी बोट घेणाऱ्याने ताब्यात घेण्याआधी ती पाण्यात उतरवून प्रत्येक टाकी पिचकारी उडेपर्यंत भरायला लावावी, घड्याळ लावून, आणि तशीच उपसायला लावावी. आवारात पाण्याचा पाइप लावून केलेली चाचणी म्हणजे चाचणीच नव्हे. तीन वेळा सर्व्हिसवाल्यांनी तीच केली आणि तीन वेळा "दोष आढळला नाही" लिहून बोट परत पाठवली. प्रत्येक खेपेला जातायेता नव्वद मैल.

चौथ्या खेपेला मी कीस एका पिशवीत आणि माती दुसऱ्या पिशवीत घालून काउंटरवर ठेवली. तिथल्या मुलाने दोन्ही पिशव्यांकडे पाहिलं, मग संगणकाकडे, आणि कागद छापून दिला. काम वॉरंटीत बसत नाही, कारण पंप चालू आहे. खाली आकारणी, अर्धा तास. कशाची? ग्राहकास वापर समजावून सांगितला.

अण्णांनी काल फोन केला होता. आजोबांचा नंबर हवा होता, बैलाबद्दल काहीतरी विचारायचं राहिलंय म्हणे.