‘माल चांगला असता तर खपला असता’: तेजस आणि लढाऊ विमानांचा बाजार

नोव्हेंबर 2025 मध्ये दुबईच्या हवाई प्रदर्शनात कसरती करताना तेजस विमान कोसळले आणि भारतीय हवाई दलाच्या वैमानिकाचा त्यात मृत्यू झाला. त्यानंतर एक जुनाच युक्तिवाद नव्या जोमाने व्हॉट्सॲपवर फिरू लागला. त्याचा सारांश असा: लढाऊ विमानाची खरी परीक्षा आंतरराष्ट्रीय बाजारात होते आणि जे उत्तम असते ते विकले जातेच. फ्रान्सचे राफेल आठ देशांनी घेतले, तेजस मलेशियाने आणि अर्जेंटिनाने घेतले नाही, म्हणजे ते टाकाऊ आहे. शिवाय जे राफेल इतरांना स्वस्तात मिळाले, त्याच्या एकेका नगासाठी भारताने 1,600 कोटी मोजले. आणि आता दुबईच्या अपघाताने तेजसची उरलीसुरली पतही गेली. यातील जवळपास प्रत्येक विधानाला खऱ्या घटनेचा आधार आहे, म्हणूनच हा मजकूर पटतो. मात्र त्या घटनांवरून काढलेला एकही निष्कर्ष टिकत नाही.

सुरुवात राफेलपासूनच करावी, कारण मजकुराचा सगळा भार त्याच्यावर आहे. राफेलचे पहिले प्रायोगिक रूप 1986 साली उडाले आणि 2001 पासून हे विमान फ्रेंच नौदलाकडे येऊ लागले. त्यानंतर ते दक्षिण कोरियात 2002 साली हरले, सिंगापूरमध्ये 2005 साली हरले, 2007 साली मोरोक्कोत आणि 2013 साली ब्राझीलमध्येही हरले. पहिला परदेशी ग्राहक म्हणून इजिप्त मिळाला तो फेब्रुवारी 2015 मध्ये. म्हणजे सेवेत आल्यानंतर तब्बल 14 वर्षे या विमानाला फ्रान्सबाहेर एकही गिऱ्हाईक नव्हते. मजकूर लिहिणाऱ्याची कसोटी लावायची, तर 2014 साली राफेल हे टाकाऊ विमान होते आणि वर्षभरात ते उत्तम झाले. मधल्या काळात त्याचे रडार आणि शस्त्रसज्जता सुधारली, हे मान्यच केले पाहिजे. पण ग्रीसने 2021 साली राफेल घेतले, त्यामागे पूर्व भूमध्य समुद्रात तुर्कस्तानशी वाढलेला तणाव होता. संयुक्त अरब अमिरातीने डिसेंबर 2021 मध्ये एका दमात 80 राफेलचा करार केला आणि त्याच महिन्यात एफ-35 या लढाऊ विमानासाठी अमेरिकेशी चाललेली बोलणी त्या देशाने थांबवली. या दोन्ही ठिकाणी गिऱ्हाईक विमानाइतकेच विकणारे सरकार निवडत होते.

ब्राझीलची गोष्ट तर या बाबतीत फार बोलकी आहे. 36 विमानांच्या त्या स्पर्धेत अखेरीस तीन विमाने उरली होती: राफेल, बोइंगचे सुपर हॉर्नेट आणि स्वीडनचे ग्रिपेन. सप्टेंबर 2009 मध्ये, ब्राझीलच्या स्वातंत्र्यदिनाला फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी पाहुणे म्हणून आलेले असताना, अध्यक्ष लुला यांनी राफेलसाठी वाटाघाटी सुरू करत असल्याचे जाहीर केले. सौदा तेव्हा झाला नाही. पुढे डिल्मा रूसेफ अध्यक्ष झाल्या आणि सुपर हॉर्नेटचे पारडे जड दिसू लागले. मग 2013 साली एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांतून अमेरिकी हेरखाते खुद्द रूसेफ यांच्या संदेशांवर पाळत ठेवत असल्याचे बाहेर आले. त्यांनी वॉशिंग्टनचा नियोजित दौरा पुढे ढकलला आणि त्या डिसेंबरात ग्रिपेनची निवड जाहीर झाली. चार वर्षांत आवडते विमान दोनदा बदलले, विमाने मात्र तीच होती. (या ग्रिपेनचे इंजिनही अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे आहे, हा त्यातला विनोद.)

आता तेजसकडे येऊ. मलेशियाने फेब्रुवारी 2023 मध्ये तेजसऐवजी दक्षिण कोरियाचे एफए-50 निवडले आणि सुमारे 92 कोटी डॉलरमध्ये 18 विमाने घ्यायचे ठरवले, हे खरे आहे. पण एफए-50 हे काही तेजसहून एक पिढी पुढचे विमान नव्हे. ते मुळात प्रशिक्षक विमानावरून विकसित केलेले हलके लढाऊ विमान आहे आणि त्याचे इंजिन तेजसच्याच कुळातले, म्हणजे जनरल इलेक्ट्रिकचे एफ-404, आहे. मग फरक कशात होता? त्या घराण्याची विमाने तेव्हा मलेशियाच्या शेजारी इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि थायलंडमध्ये उडत होती, पोलंडने आदल्याच वर्षी 48 विमाने मागवली होती आणि कोरियन कारखान्याची साखळी चालू होती. तेजसची तेव्हा दोनच स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या) होती आणि दोन्ही कोइंबतूरजवळच्या सुलूर तळावर. ज्या विमानाला अजून त्याच्या स्वतःच्या हवाई दलाने मोठ्या संख्येने वापरलेले नाही, त्याचे सुटे भाग वीस वर्षांनी मिळतील की नाही, हा प्रश्न कुठल्याही खरेदीदाराला पडणारच.

येथे टीकाकारांच्या पदरात जे माप टाकायला हवे ते टाकतो. तेजसचे खरे दुखणे उत्पादनाच्या वेगाचे आहे. तेजस मार्क-1ए च्या 83 विमानांचा करार फेब्रुवारी 2021 मध्ये झाला, पहिले विमान मार्च 2024 पर्यंत हवाई दलाला मिळायचे होते आणि ती मुदत उलटून गेली. हवाई दलप्रमुखांनी फेब्रुवारी 2025 मध्ये बंगळुरूच्या प्रदर्शनात तेजस बनवणाऱ्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सबद्दलची आपली नाराजी उघड बोलून दाखवली. घरच्या गिऱ्हाइकाला वेळेवर माल देता येत नसेल, तर बाहेरच्याला कोणत्या तोंडाने सांगणार? पण हा दोष कारखान्याचा आणि पुरवठ्याचा आहे. त्यातही एफ-404 ची नवी इंजिने अमेरिकेतून यायला उशीर झाला आणि त्या मागणीतील पहिले इंजिन मार्च 2025 च्या अखेरीस मिळाले. त्यावरून विमानाच्या बांधणीबद्दल निकाल देता येत नाही.

अर्जेंटिनाचे उदाहरण तर मजकूर लिहिणाऱ्याने घ्यायलाच नको होते. तेथील अडचण विमानाच्या पंखात किंवा रडारात नव्हती, ती वैमानिकाच्या बैठकीखाली होती. तेजसमधील इजेक्शन सीट, म्हणजे संकटात दोन मांड्यांमधले कडे खेचताच वैमानिकाला विमानाबाहेर भिरकावणारे आसन, ब्रिटनच्या मार्टिन-बेकर कंपनीचे आहे. फॉकलंड बेटांवरून 1982 साली झालेल्या युद्धापासून अर्जेंटिनाला लष्करी सामग्री मिळू नये असे ब्रिटनचे धोरण राहिले आहे. त्यामुळे ब्रिटिश भाग असलेले विमान अर्जेंटिनाला विकायचे, तर लंडनची परवानगी लागते आणि ती मिळत नाही. हाच अनुभव तेजसच्या आधी एफए-50 ला आला. विमानातील सहा प्रमुख भाग ब्रिटिश असल्याने निर्यात शक्य नाही, असे कोरियन कंपनीने 2020 साली अर्जेंटिनाला पत्राने कळवले. म्हणजे मलेशियात ‘जिंकलेले’ विमान अर्जेंटिनात स्पर्धेच्या दारातही उभे राहू शकले नाही. अर्जेंटिनाने अखेर 2024 साली डेन्मार्ककडून 24 वापरलेली एफ-16 घेण्याचा करार केला. त्या विमानांतील इजेक्शन सीट अमेरिकी बनावटीची आहे.

हे आजचेच आहे असेही नाही. 1970 च्या दशकात भारत जमिनीवर खोलवर मारा करणारे विमान शोधत होता आणि जग्वार व मिराज एफ-1 यांच्याबरोबर स्वीडनचे विगेन हे विमानही शर्यतीत होते. विगेनचे इंजिन अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनीच्या रचनेवर आधारलेले होते. 1978 साली कार्टर प्रशासनाने ते भारताला विकू द्यायला नकार दिला आणि त्याच वर्षी भारताने जग्वार निवडले. आदल्या वर्षी याच प्रशासनाने इस्रायलला किफिर विमाने इक्वेडोरला विकू दिली नव्हती, कारण त्यांतही अमेरिकी इंजिन होते. ‘भारताने विगेन नाकारले, म्हणजे विगेन वाईट होते’ असे कोणी म्हटले तर आपण हसू. तेजसबद्दल मात्र अगदी तोच तर्क गंभीर चेहऱ्याने पुढे केला जातो. आणि खरेदीदारावर उलटणारी बाजूही आहेच: तुर्कस्तान एफ-35 च्या प्रकल्पात भागीदार होता, त्याचे भाग बनवत होता, तरी रशियाची एस-400 क्षेपणास्त्र प्रणाली घेतल्यावर 2019 साली अमेरिकेने त्याला बाहेर काढले.

राहिला 1,600 कोटींचा हिशेब. भारताने सप्टेंबर 2016 मध्ये केलेल्या 36 राफेलच्या करारातील 7.87 अब्ज युरो, म्हणजे तेव्हाचे सुमारे 59,000 कोटी रुपये, भागिले 36 केले की हा आकडा मिळतो, आणि भागाकार बरोबर आहे. चुकले ते भाज्य. त्या रकमेत विमानांबरोबर मिटिऑर आणि स्काल्प ही क्षेपणास्त्रे, भारतासाठी खास केलेले बदल, सुटे भाग आणि विमाने ठरावीक प्रमाणात उड्डाणसज्ज ठेवण्याची हमी हे सगळे होते. याच्या शेजारी क्रोएशियाचा करार ठेवला जातो: 12 राफेल, सुमारे 1 अब्ज युरो, म्हणजे एक जवळपास 83 दशलक्ष युरोला. पण ती विमाने फ्रेंच हवाई दलाने वापरलेली होती. नव्या मोटारीच्या किमतीची तुलना कोणी जुन्या मोटारीशी करत नाही, मग येथे का? एप्रिल 2025 मधील नौदलाच्या 26 राफेलचा सुमारे 63,000 कोटींचा करार याच पद्धतीने भागला, तर एक विमान 2,400 कोटींच्या वर जाते. त्या करारात प्रशिक्षण, सिम्युलेटर, शस्त्रे तर आहेतच, शिवाय हवाई दलाकडे आधीपासून असलेल्या राफेलसाठीची उपकरणेही आहेत. दुसऱ्याच्या विमानांचे सामान आपल्या विमानाच्या किमतीत मोजायचे, असला हा भागाकार.

भारताने जास्त पैसे दिले की नाही, हा प्रश्न विचारू नये असे मी म्हणत नाही. महालेखापालांनी फेब्रुवारी 2019 च्या अहवालात हा करार 2007 च्या प्रस्तावाच्या तुलनेत 2.86 टक्क्यांनी स्वस्त ठरवला, पण त्यातील किमतींचे आकडे झाकलेले होते. त्यामुळे तो वाद पुराव्याने मिटला असे म्हणणे अवघडच आहे. पण त्याचे उत्तर मोबाइलवरच्या गणकयंत्रात नाही. प्रत्यक्ष खरेदीदारालासुद्धा किंमत पक्की कळतेच असे नाही. स्वित्झर्लंडने 36 एफ-35 पक्क्या किमतीला घेतल्याचे आपल्या नागरिकांना सांगितले होते, आणि 2025 साली अमेरिकेकडून 65 कोटी ते 1.3 अब्ज फ्रँक जादा लागतील असे कळल्यावर तेथील सरकारची पंचाईत झाली.

दुबईच्या अपघातावर थोडेच लिहितो, कारण एका वैमानिकाचा जीव गेला आहे आणि तर्कवितर्क करण्याची ती जागा नव्हे. केवळ ‘प्रदर्शनात पडलेले विमान कोणी घेत नाही’ या वाक्याला उत्तर दिले पाहिजे. ऑगस्ट 1993 मध्ये स्टॉकहोमच्या जलमहोत्सवात हजारो प्रेक्षकांसमोर ग्रिपेन कोसळले. पुढे दक्षिण आफ्रिका, हंगेरी, चेक प्रजासत्ताक, थायलंड आणि ब्राझील यांनी तेच विमान घेतले. जून 1999 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सुखोई-30 ची शेपूट जमिनीला घासली, विमान पेटले आणि दोघे वैमानिक इजेक्ट होऊन वाचले. डिसेंबर 2000 मध्ये भारताने त्याच घराण्यातील 140 विमाने देशात बांधण्याचा करार केला. ती नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बांधली गेली.

त्याच ओझरला आता तेजसची नवी उत्पादन साखळी सुरू झाली असून तेथे जुळवलेल्या पहिल्या तेजसने 17 ऑक्टोबर 2025 रोजी उड्डाण केले. त्याचे इंजिन अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील लिन येथे बनते. उद्या ओझरचे तेजस एखाद्या देशाने पसंत केले, तरी करारावर सही होण्याआधी एक अर्ज वॉशिंग्टनला आणि आसन तेच राहिले तर दुसरा लंडनला पाठवावा लागेल.