कडा घोटायच्या असतील तर आधी चामडं बघा

हाताने कार्डाचं पाकीट शिवण्यावरच्या लेखात नवशिक्यांना क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, स्वस्त चामडं सुचवलंय, अडचण तिथेच आहे. त्याची कड कितीही घोटा, म्हणजे घासून गुळगुळीत करायला बघा, तंतू बसत नाहीत. कडेला रंगच चढवावा लागतो. कार्ड ठेवायच्या पाकिटाला बाभळीच्या सालीने किंवा हिरड्याने कमावलेलं, १.२ ते १.५ मिमी जाडीचं घ्या. दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट, दोन्ही टोकांना बोथट सुई, भोकं एकमेकांपासून ४ मिमीवर. टाके वेडेवाकडे पडतात ते बहुधा भोकात दोन्ही सुया घालायचा क्रम बदलल्याने. आधी घातलेली सुई शेवटपर्यंत आधीच! कार्ड ८६ मिमी, दोन्हीकडे शिवणीला ४-४, शिवाय थोडी मोकळीक, म्हणजे कप्पा ९८ मिमी रुंद तरी हवा. पाकिटाची किंमत काढताना कातड्याचा पोटाकडचा सैल, वाया जाणारा भागही धरा, आणि घोटण्याचा वेळ तर नक्कीच.