त्या चिनी प्लेटच्या फॉरवर्डबद्दल

सकाळपासून तीन ग्रुपवर तोच मेसेज. कुलचिन्ह (म्हणजे युरोपातल्या घराण्याची ढालीसारखी खूण) असलेल्या जुन्या चिनी प्लेटचा फोटो आणि खाली लिहिलंय की युरोपातल्या राजघराण्यांनी ईस्ट इंडिया कंपनीमार्फत चीनच्या बादशहाकडून ही भांडी बनवून घेतली, चिनी कारागीर अडाणी म्हणून चिन्हं चुकली, आणि 'मागे शिक्का असेल तर अस्सल, लाखोंचा माल, घरात शोधा'. ते शेवटचं वाचून आमच्या मावशीनं माळ्यावरची ट्रंक उतरवली, म्हणून लिहितोय.

राजघराणी होती की थोडीफार, पण 18व्या शतकातलं बहुतेक गिऱ्हाईक म्हणजे जमीनदार, व्यापारी, जहाजाचे कप्तान. नुसत्या ब्रिटिश घराण्यांसाठीच 4000च्या आसपास वेगवेगळे सेट बनले, एवढे राजे आणायचे कुठून? आणि बादशहाच्या भट्ट्या वेगळ्या, हा धंदा खाजगी भट्ट्यांचा. कोरी पांढरी प्लेट चिंगदेचेन या चीनमधल्या भट्ट्यांच्या गावात भाजायची, मग नदीतून आणि मधली खिंड हमालांच्या खांद्यावरून कँटन बंदराला आणायची, तिथला रंगारी झिलईवर रंग भरणार आणि मग परत कमी आचेवर भाजायची.

कंपनीचं म्हणाल तर कंपन्या आणायच्या ठोक माल. कुलचिन्हवाले सेट बहुतेक जहाजावरचे अधिकारी स्वतःच्या वाट्याला आलेल्या जागेत, स्वतःच्या धंद्यासाठी आणायचे. तसंही खरी कमाई चहाची. 1752 मध्ये बुडालेल्या गेल्डरमाल्सेन या डच जहाजावर चहाच मुख्य होता आणि चिनी मातीची खोकी तळाला, कारण पाणी शिरलं तरी प्लेटला काय होतंय, चहाची मात्र वाट लागते. 1985 मध्ये तोच माल वर काढला तेव्हा दीड लाखाच्या आसपास नग निघाले, चहाचा अर्थात चोथा झालेला.

आता 'अडाणी कारागीर', याचा मला खरंच राग आला. चुका झाल्या, नाही कोण म्हणतंय, पोर्तुगालच्या राजा मान्युएलचं चिन्ह 1520च्या सुमाराला एका सुरईवर चक्क उलटं रंगवलंय. पण विचार करा, तुम्हाला कोणी तमिळ लग्नपत्रिका दिली, वर-खाली न सांगता, आणि म्हणाला हुबेहूब उतरव, तर तुम्ही काय कराल? ऑर्डर म्हणजे एक कागद. कधी पुस्तकात मालकाची खूण म्हणून चिकटवायची, कुलचिन्ह छापलेली काळीपांढरी चिठ्ठीच पाठवायचे. शंका आली तर विचारणार कोणाला, जाऊन येऊन दीड-दोन वर्षं. याउलट इंग्लंडमधल्या लीक ओकओव्हर नावाच्या जमीनदारानं 1740च्या सुमाराला नीट रंगवलेला नमुना पाठवला, तर प्लेटही तशीच नेटकी आली, तो नमुना अजून जपलेला आहे. आणि लंडन जन्मात न बघितलेल्या माणसांनी ली या इंग्लिश घराण्याच्या प्लेटच्या काठावर इवल्याशा चौकटीत थेम्सकाठचं लंडन काढलंय, आणि दुसऱ्या चौकटीत कँटनची नदी. ह्यांना अडाणी म्हणायचं?

शिक्क्याचं तर पूर्ण उलटंय. त्या काळच्या या मालावर मागे बहुतेक काहीच नसतं. इंग्रजीत 'चायना' लिहिलेलं असेल तर ते साधारण 1890च्या अमेरिकन जकात कायद्यानंतरचं. पॅरिसच्या सॅमसन या नकला बनवणाऱ्या कारखान्यानं 1845 पासून पुढे असल्या कुलचिन्हवाल्या नकला ढिगानं केल्या, त्यातल्या काहींवर खोटे शिक्केही असतात, त्यामुळे शिक्का दिसला की मी उलट जास्त सावध होतो. त्यापेक्षा प्लेट तिरकी धरून उजेडात बघा. सोनेरी रेघ काठावर, जिथं हात लागतो तिथं झिजलेली असते, मधे सुरीचे बारीक ओरखडे असतात, आणि रंगावरून नख फिरवलं तर तो जरा उचललेला लागतो. यानंही खात्री होत नाही हं, जाणकाराला दाखवावंच लागतं. आणि जाणकारही फसतात! 19व्या शतकात इंग्लंडमधल्या एका नावाजलेल्या अभ्यासकानं हा सगळा चिनी माल लोस्टॉफ्ट नावाच्या इंग्लिश गावातला ठरवून टाकला होता आणि लोक कित्येक वर्षं तेच म्हणत बसले.

मावशीच्या ट्रंकेत सहा कपबशा निघाल्या. मागे शिक्का आहे. 'मेड इन जपान'.