१९६२ चं युद्ध एका सकाळी सुरू झालं नव्हतं

ऑक्टोबर आला की तो मेसेज परत फिरायला लागतो, यंदा मला तीन वेगवेगळ्या ओळखीच्यांनी पाठवला. त्यात थोडक्यात असं आहे की भारत-चीन सीमा व्यवस्थित ठरलेली होती, सगळं शांत होतं, २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने अचानक पाठीत सुरा खुपसला, अक्साई चीन (लडाखच्या पूर्वेचं ओसाड पठार) तर नेहरूंनी 'तिथे गवताचं पातंही उगवत नाही' म्हणत आधीच देऊन टाकला होता, विमानं वापरली असती तर आपण जिंकलोच असतो, आणि आपलं सैन्य न लढताच मागे पळालं. शेवटचं वाक्य वाचून मला मनापासून वाईट वाटलं आणि रागही आला, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

सीमा ठरलेली होती हे पहिलं. नव्हती! पूर्वेकडे, म्हणजे तेव्हाचा नेफा आणि आताचा अरुणाचल, तिथे मॅकमहोन रेषा १९१४ ची. ब्रिटिशांचे हेन्री मॅकमहोन आणि तिबेटचे लोनचेन शात्रा यांनी ती आपापसात ठरवली, सिमला कराराच्या मसुद्यावर चीनच्या प्रतिनिधीने आद्याक्षरं टाकली खरी पण त्याच्या सरकारने करार मान्य केलाच नाही. आणि ती रेषा होती नकाशावर, जाड पेनाने ओढलेली, जमिनीवर ना खांब ना मोजणी. आपल्याकडे दोन भावांच्या शेतात बांधाचा दगड नसला की काय होतं ते गावाकडच्यांना सांगायला नको.

पश्चिमेला लडाखकडे तर याहून गोंधळ. १८६५ च्या जॉन्सनच्या रेषेने अक्साई चीन काश्मीरात धरलेला, आणि १८९९ ला ब्रिटिशांनीच चीनला दुसरी एक रेषा सुचवली ज्यात त्यातला मोठा भाग पलीकडे जात होता, चीनने त्यावर उत्तरच दिलं नाही. १९५० च्या आपल्या सरकारी नकाशात या भागात सीमा 'अनिश्चित' अशीच दाखवलेली होती. मग १९५४ ला नेहरूंनी आदेश दिला की नवे नकाशे काढा, त्यात सीमा पक्की दाखवा आणि तिच्यावर कुणाशी चर्चा नको. नकाशा पक्का झाला पण अक्साई चीनमध्ये आपली एक चौकी पण नव्हती. चीनही काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, त्यांचे नकाशे आपला जवळजवळ सगळा नेफा स्वतःचा दाखवत होते आणि विचारलं की चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय म्हणायचे ते जुने नकाशे आहेत, सुधारायला वेळ झाला नाही. एप्रिल १९५४ च्या पंचशील करारात तिबेटच्या व्यापाराबद्दल आहे, कोणत्या खिंडीतून यात्रेकरूंनी जायचं ते पण आहे, सीमारेषेबद्दल काही नाही. माझ्या मते खरी चूक इथेच झाली, दोघांनी आपापल्या समजुतीत गप्प बसायचं ठरवलं आणि मेसेज लिहिणाऱ्याने नेमका हाच भाग गाळलाय.

आता 'अचानक'. चीनने शिनजियांगहून तिबेटला जाणारा रस्ता अक्साई चीनमधून बांधला आणि १९५७ ला तो पूर्ण झाल्याचं जाहीरही केलं. १९५८ ला आपण बघायला गस्ती पाठवल्या तर त्यातली एक चिन्यांनी पकडून ठेवली. जानेवारी १९५९ ला चौंचं पत्र आलं की सीमा औपचारिकपणे कधी ठरलेलीच नाही. मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले, आणि माओंना वाटायला लागलं की भारताला तिबेट हवाय. ऑगस्टमध्ये नेफातल्या लोंगजूला चकमक झाली. २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी गोळीबारात आपले दहा पोलीस गेले. दर वर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो ना, आपल्या गावातल्या पोलीस मैदानावर पण बंदुका उलट्या धरून मानवंदना देतात, तो याच दहा जणांमुळे सुरू झाला. युद्धाच्या बरोबर तीन वर्षं आधी. मग शांत काय होतं?

एप्रिल १९६० ला चौ दिल्लीला आले. त्यांचा सूर असा होता की पूर्वेचं तुमच्याकडे राहू द्या, पश्चिमेचं आमच्याकडे. त्याच वर्षी चीनने ब्रह्मदेशाशी सीमा करार केला, तो साधारण मॅकमहोन रेषेलाच धरून. आपल्याकडे मात्र तोपर्यंत चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या श्वेतपत्रिका निघालेल्या, संसद तापलेली, जागा सोडायची म्हणजे देश विकला अशी हवा, नेहरू नाही म्हणाले. नाही म्हणणं बरोबर की चूक यावर जरूर भांडा, पण मग 'देऊन टाकला' हे कुठून आलं? गवताच्या पात्याचं ते बोलणं १९५९ चं, संसदेतलं, आणि ते बोलायला नको होतं असं मला पण वाटतं, पण तेव्हा रस्ता होऊन दोन वर्षं झाली होती. अक्साई चीनवरचा हक्क त्यांनी सोडला नाही आणि भांडण वाढलं ते न सोडल्यामुळे.

कारण पुढे २ नोव्हेंबर १९६१ च्या बैठकीत ठरलं की जमेल तितकं पुढे जाऊन चौक्या उभारायच्या. यालाच फॉरवर्ड पॉलिसी म्हणतात. गृहीत असं होतं की चीन निषेध करेल, धक्काबुक्की करेल, पण मोठा हल्ला करणार नाही. लहान लहान चौक्या, कुठे वीस माणसं कुठे तीस, आणि मागे जी मोठी फौज उभी हवी होती ती आलीच नाही. जुलै १९६२ ला गलवानची आपली चौकी चिन्यांनी घेरली, तेच गलवान जे २०२० ला बातम्यांत आलं.

पूर्वेला ढोला पोस्ट. जूनमध्ये नामका चू नदीच्या बाजूला ही चौकी टाकली. गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे, १९१४ च्या नकाशावरची रेषा जशीच्या तशी धरली तर ही जागा रेषेच्या उत्तरेला पडत होती, आणि आपलं म्हणणं की रेषा म्हणजे सगळ्यात उंच डोंगरधार, म्हणजे थागला, त्यामुळे जागा आपली. म्हणजे बघा, नकाशावरच्या पेनाच्या जाडीवरून माणसं मरणार होती. ८ सप्टेंबरला चिनी थागलावरून खाली आले. चिन्यांना मागे हटवा असा हुकूम सुटला, १० ऑक्टोबरला मोठी चकमक झाली, १२ ला नेहरूंनी पत्रकारांना सांगितलं की आपला भाग मोकळा करायच्या सूचना दिल्यात. ब्रिगेडियर जॉन दळवींची सातवी ब्रिगेड त्या नदीकाठी खाली उभी, चिनी वर कड्यावर, आपल्या पोरांच्या अंगावर सुती कपडे, पायात कॅनव्हासचे बूट, मोजक्याच गोळ्या. २० ऑक्टोबरच्या पहाटे जे झालं ते इतक्या सगळ्यानंतर झालं. हल्ला चीनने केला, त्याची जबाबदारी त्यांचीच, यात मला शंका नाही. पण आपल्याला कळायला मार्ग नव्हता असं म्हणू नका.

विमानांचा मुद्दा थोडक्यात, कारण यात थोडं तथ्य आहे. लढाऊ विमानं वापरली नाहीत, कोलकात्यावर बॉम्ब पडतील ही भीती होती आणि चिनी हवाई ताकदीचा अंदाज फुगवलेला होता. पण 'जिंकलोच असतो' हे कुणीही सिद्ध करू शकत नाही. आणि हवाई दल बसून होतं असं तर मुळीच नाही, रसद त्यांनीच टाकली, ऑक्टोबरअखेरीस लडाखमधल्या चुशूलला रणगाडे विमानातून उतरवले.

राहिलं सैन्य पळालं. नेफातल्या से ला आणि बोमडिलाला नोव्हेंबरमध्ये फळी कोसळली, हे खरं. माघारीचे हुकूम, उलटे हुकूम, गोंधळ, तो वरच्यांचा होता. त्याची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली, त्यातला सारांश संरक्षणमंत्री म्हणून आपल्या यशवंतराव चव्हाणांनी सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत सांगितला, पूर्ण अहवाल सरकारने आजवर उघड केलेला नाही. पण नेफाच्या पूर्व टोकाला आपले जवान लढले त्या वालाँगचं काय? तवांगजवळच्या बुम लाला सुभेदार जोगिंदर सिंग, लडाखमधल्या सिरिजापला मेजर धनसिंग थापा, दोघांना परमवीर चक्र. सरकारी आकड्यांप्रमाणे १३८३ जवान मेले, १६९६ बेपत्ता. न लढता इतकी माणसं मरत नाहीत.

आणि लडाखमधली रेझांग ला खिंड. १८ नोव्हेंबर, १३ कुमाऊँ बटालियनची एक कंपनी, जवळपास १२० जण, बहुतेक हरियाणाकडचे अहीर, मेजर शैतान सिंग पुढे, मागून तोफखान्याची मदत मिळणं शक्य नव्हतं कारण मध्ये डोंगर. शंभरावर तिथेच गेले. युद्ध संपून महिने उलटल्यावर, १९६३ च्या सुरुवातीला लोक वर पोचले तेव्हा ते सगळे बर्फात गोठलेले, आपापल्या खंदकात, कित्येकांच्या हातात अजून बंदूक होती.